मामाच्या नाटकातला मुका पोरगा

आदरणीय संघपालदादाले,
धाकट्या रिनाचा मनापासून जयभीम.

तिकडे हैदराबादेत तुही तब्येत बरी असन, जेवण वेळेवर होत असन आणि रूमवरच्या पोट्ट्याइनं तुहा कुकर वापस दिला असन, असं धरून चालते. (कुकरचं मामीने सांगतलं. तू तिले फोनवर जे सांगतं ते सगळं भाजीसोबत आम्हाले वाढल्या जाते, हे तुले माहीत असावं म्हून लिहलं.) इथी मामीचे गुडघे थंडीने दुखून राह्यले, बकरीले पिल्लं झाली, धान घरी आलं, आणि लहानूमामा, म्हणजे तुहे बाबा, ठीक आहे. ठीक म्हणजे जेवते, झोपते, रेडिओ ऐकते. फक्त बोलत नाई. तुह्यासोबत बोलत नाई ते तं जुनंच झालं, आता कोणासोबतच बोलत नाई. आणि याले कारण मी आहे. तेच सांगाले बसली.

व्हॉट्सअपवर टाकलं असतं तं तू दोन ओळी वाचून अंगठा टाकला असता, म्हून कागदावर लिहून राह्यली. माहं मराठी अक्षर तुले माहीत आहे. आमच्या शाळेत मराठीचा तास म्हणजे पीटीच्या तासासारखा, झाला तं झाला. जिथी वाचता येत नाई तिथी अंदाज लावजो, पण चांगला अंदाज लावजो.

पहिले मी इथी काऊन आली ते ऐक. परीक्षा झाली, रिझल्ट याचा आहे, आणि बल्लारपूरले घरी बसल्या बसल्या मी मोबाईलवर एक कोर्स केला. दुसऱ्याने काही लिहलं, काढलं, गायलं, तं त्याले कामाचा फीडबॅक कसा द्याचा, याचा कोर्स. सर्टिफिकेट आहे माह्याजवळ. त्यात शिकवते का समोरच्याचं मन दुखवाचं नाई. पहिले जे आवडलं ते सांगाचं, मंग जे समजलं नाई ते इज्जतीने प्रश्न म्हून विचाराचं, आणि "हे चुकलं" असं तोंडातून काढाचंच नाई. मले हे इतकं पटलं का मी दिसन त्याले फीडबॅक देत सुटली. बाजूच्या काकूच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत एक कविता होती, तिले दिला. (कविता चांगलीच होती. मी फक्त एवढंच विचारलं का पूर्ण कवितेत नवरदेवाचा कुठीच उल्लेख नाई, हे मुद्दाम ठेवलं का?) त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने माही बॅग भरली आणि म्हणे, जाय, मामीचे गुडघे पाहून ये.

इथी आल्यावर पहिले जंगूभाऊच्या वाघाचं झालं. शाळेच्या भिंतीवर "जंगलात एकटे जाऊ नका" असं लिहून खाली जंगूभाऊ वाघ काढून राह्यला होता. मी म्हटलं, भाऊ, पट्टे एकदम मस्त, शेपटी तं फारच मस्त, फक्त याच्या डोळ्याइत मले खूप माया दिसते, तुम्हाले तेच दाखवाचं आहे का? जंगूभाऊने वाघाकडे पाह्यलं. ब्रश धुतला आणि घरी गेला. सकाळी पाहते तं डोळे बदललेले. आता पहिलीतले पोट्टे त्या भिंतीकडून शाळेत जातच नाई, मागच्या कुंपणातून घुसते, आणि कलाबाईच्या बकऱ्या त्या कोपऱ्यापर्यंत येते आणि वापस फिरते. मले तेव्हाच समजाले पायजे होतं. बल्लारपुरात लोकं फीडबॅक ऐकून भांडते, झालं, मोकळे होते. इथी कोणी भांडत नाई. इथी लोकं चूपचाप ऐकून घेते आणि घरी जाऊन खरंच तसं करते. हे फार डेंजर आहे, दादा. कोर्समध्ये याच्यावर एक शब्द नाई.

आता मेन गोष्ट. मामाने नाटक लिहलं. (मामीने तुले हे सांगतलं नसन. तिले मामाची शपथ होती. मले नव्हती.) तुले माहीतच आहे, दरवर्षी बैलाच्या शर्यतीच्या पटाले रात्रीच्या खेळासाठी मंडळ वडशाची नाटक कंपनी बलावते. यंदा वारलूभाऊ अध्यक्ष आहे, आणि मामाने भीत भीत त्याइच्या कानावर टाकलं का माहं एक लिहलेलं आहे. वारलूभाऊ म्हणे, ठीक आहे, गावातल्याच पोराइले घ्या, रविवारी समाजमंदिरात मंडळासमोर तालीम दाखवा. पसंत पडलं तं तुमचं, नाई तं कंपनीले हो म्हणून टाकतो. म्हणजे सगळं त्या एका दुपारवर आलं. ज्या माणसाने जिंदगीभर डेपोत सागवानाच्या लाकडाइवर नंबर ठोकले, तो पहिल्यांदा आपल्या मनचं लिहून गावासमोर ठेवणार, आणि गाव हो म्हणन का नाई. मामीची तं दोन दिवस आधीपासून भाजी खारट होऊन राह्यली होती.

नाटकाचं नाव "लेक गेला परमुलखी". बाप आहे, माय आहे, पोरगा घर सोडून गेला आहे. बाप तीन अंक दाराकडे पाहते. शेवटी पोरगा येते, दारात उभा राहते, पडदा. (आता तू म्हणशीन, रिना, तुले एवढं वाचूनही समजलं नाई का? नाई समजलं. मले वाटलं कल्पना आहे. आमच्या घरी मले एवढंच सांगतलं होतं का दादाले हैदराबादले चांगला जॉब लागला.)

मामाने कागदाइचा गठ्ठा माह्यासमोर ठेवला आणि बसलेच नाई, उभेच. म्हणे, "तुह्या त्या कोर्सवाल्या नजरेने पाय बाई. मले बरं वाटावं म्हून खोटं नको सांगजो." दादा, कोणी असं म्हटलं तं मी काय करणार? मी रात्रीचा दिवस केला. प्रत्येक पानावर बाजूच्या जागेत पेन्सिलीने लिहलं. कोर्समध्ये सांगतलं होतं का शेरा मारल्यासारखं लिहू नका, माणसाशी बोलल्यासारखं लिहा. म्हून मी पूर्ण वाक्यं लिहली, एकदम बोलल्यासारखी. हे ध्यानात ठेव, पुढे यानंच घात केला.

मामाने ते सगळं वाचलं. चष्मा काढला. म्हणे, "बरोबर आहे." एवढंच. आणि मागच्या पडवीत जाऊन पूर्ण नाटक नव्याने लिहाले बसले. जेवण तिथीच, चहा तिथीच. मामीने मले चुलीजवळ बलावलं आणि हळूच विचारलं का तू काय लिहलं त्यात. मी म्हटलं, काहीच नाई मामी, फक्त प्रश्न विचारले. मामी लाकूड आत सरकवत म्हणे, "त्या माणसाले प्रश्न नाई विचारत कोणी. या घरात विचारणारा एकच होता. तो हैदराबादले आहे." मले तेव्हाही नाई समजलं. मले वाटलं, तुही आठवण येऊन राह्यली असन.

रविवारी सकाळी मामाने गठ्ठा सरळ झिंगूभाऊच्या हातात दिला. मले दाखवलाच नाई. आता इथी तुले सगळं माहीत आहे, पण मले नव्हतं, म्हून माही हालत समजून घे. मले वाटे, नट पाठ करते. आपल्याकडे पाठांतर नसते! झिंगूभाऊ विंगेत बसून वाचते आणि नट त्याच्यामागे बोलते. नटाले कान पायजे आणि वेळेवर रडता आलं पायजे, बस. आणि झिंगूभाऊची ख्याती अशी का तो आपल्या मनचं एक अक्षर टाकत नाई आणि कागदावरचं एक अक्षर सोडत नाई. कागदावर चहाचा डाग असला तं तोही वाचन, असं बिरजू म्हणते. (बिरजू म्हणजे ट्रॅक्टरवाला. तोच बापाचं काम करून राह्यला होता. आवाज असा का माईक नसला तरी चालते.)

समाजमंदिरात समोर प्लास्टिकच्या खुर्च्याइवर मंडळ, बाजूले सतरंजीवर बाया, मागे अर्धं गाव. मामा खांबाजवळ उभे. हात मागे बांधलेले. पहिला अंक मस्त झाला. मायचं काम भागीरथाबाईचं, ती पहिल्याच वाक्याले रडली, बाया पण रडल्या. वारलूभाऊने नाक पुसलं. मामाचे खांदे जरासे खाली आले. मी मनात म्हटलं, झालं, जमलं.

दुसऱ्या अंकात बाप पोराच्या नावाने ओरडते. बिरजूने छत हलवलं. "निंगून जा! वापस या दारात तोंड नको दाखवू!" आणि विंगेतून झिंगूभाऊचा तो बारीक सुतासारखा आवाज आला, "तुमचा राग मले आवडला."

दादा, ते माहं वाक्य होतं.

बिरजूने विंगेकडे पाह्यलं. मंग भागीरथाबाईकडे वळला आणि गळा भरून म्हणे, "तुमचा राग मले आवडला!" भागीरथाबाई जुनी कलाकार, तिने पदर डोळ्याइले लावला. झिंगूभाऊ पुढे. आणि बिरजू छातीवर हात मारून, "पण हा राग कोणावर आहे? पोरावर, का स्वतःवर? हे मले समजलं नाई!" वारलूभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "वा लहानूभाऊ! वा!" टाळ्याच टाळ्या.

मंग माह्या ध्यानात आलं. मामाने माह्या एकूण एक ओळी नव्या कागदावर उतरवल्या होत्या, जागच्या जागी, डायलॉगाच्याच निळ्या पेनने. नंतर मामीने सांगतलं, डेपोत त्याइले हेच शिकवलं होतं का साहेबाने बाजूले लिहलेला शेरा नव्या कागदावर जसाच्या तसा आला पायजे, नाई तं माल अडकते. आणि मी बसल्या जागी आठवू लागली का पुढे मी काय काय लिहलं आहे. माय आजारी पडते, तिथी मी लिहलं होतं. तिथी बिरजू तिचा हात धरून रडत म्हणे, "इथी थोडं लांबलं. मधातले दोन वाक्य काढले तं चालन का?" मागून कोणीतरी ओरडलं, "काढ ना बे, विचारतं काय!" त्यावर भागीरथाबाई मरता मरता हसली. मी बायाइच्या मागून रांगत विंगेत गेली आणि झिंगूभाऊची बाही ओढली. त्याने ओळीवरचं बोट नाई हलवलं. म्हणे, "बाई, चालू नाटकात प्रॉम्टरले हात नाई लावत." मी म्हटलं, भाऊ, बाजूचं नका वाचू. तो म्हणे, "बाजूचं कुठी आहे? सगळं लाईनीत आहे."

लाईनीतच होतं. आणि तिसऱ्या अंकात काय आहे ते मले तोंडपाठ होतं, कारण तो माहा सगळ्यात चांगला फीडबॅक होता. मले त्याचा अभिमान होता, दादा. आता सांगाले लाज वाटते.

बिरजू मधात आला. दाराकडे पाहत. झिंगूभाऊने वाचलं, आणि बिरजू पण का कोणास ठाऊक, या वेळी ओरडला नाई, हळूच बोलला. "हा पोरगा काऊन बोलत नाई? तीन अंक झाले, त्याले एक वाक्य नाई. बापाने त्याले असं काय म्हटलं, का तो गेला?"

टाळी नाई. पूर्ण गाव मामाकडे पाहून राह्यलं होतं, आणि फक्त मलेच माहीत नव्हतं का काऊन. तेवढ्यात दारातून सुनिल आला. पोराचं काम त्याचं. तो बिचारा पहिल्या अंकापासून दारामागे उभा होता. आला, बापासमोर थांबला आणि कान विंगेकडे केला. झिंगूभाऊने पान उलटलं. वापस उलटलं. पुढचं पाह्यलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपल्या मनचं काही म्हटलं. म्हणे, "कोरं आहे."

सुनिलने बिरजूच्या डोळ्यात पाह्यलं आणि रडक्या आवाजात म्हणे, "कोरं आहे."

कोणीच हसलं नाई. मी पण नाई. तिकडे सतरंजीवरून मामी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि सगळ्यासमोर मामाले म्हणे, "तो काय बोलन? भोंगा तं तुमच्याजवळ होता."

मले भोंग्याचं घरी आल्यावर समजलं. भीमजयंतीले तू स्वतः लिहलेलं गाणं म्हटलं, आणि सूत्रसंचालन मामाकडे, आणि तू माईक सोडाच्या आधीच मामा त्याच माईकवर म्हणे का गळा नाई, ताल नाई, पहिले शिकून ये मंग उभा राह्य. आणि भोंगा चिंचेवर बांधलेला, पलीकडच्या टोलीवरच्या घराइपर्यंत ऐकू गेलं, आणि तू गाव सोडून गेला. तू मले हे कधीच नाई सांगतलं. दादा, असं करत नाई हे कोर्सच्या पहिल्याच धड्यात आहे. मामाने तो कोर्स केला नाई, एवढंच मी त्याइच्या बाजूने बोलू शकते.

पण समाजमंदिरात मामा काय म्हणे ते ऐक. मी शब्द न् शब्द ध्यानात ठेवला. खांब सोडून एक पाऊल समोर आले आणि मंडळाले नाई, मामीले म्हणे, "बापाचं लिहलं. मायचं लिहलं. त्याचं लिहाले बसलो का माहाच आवाज येते. खोडलं. पुन्हा लिहलं, पुन्हा माहाच. त्याचं मी कसा लिहू, गिरजा?" आणि चपला हातात घेऊन निंगून गेले. पायात घालाचं सुचलं नाई.

मंडळाने तिथीच बैठक केली. वारलूभाऊ म्हणे, नाटक हेच करू, असं नाटक कंपनीच्या बापाने नाई लिहलं, आणि तो "तुमचा राग मले आवडला" वाला डायलॉग काढाचा नाई म्हणजे नाई. पण शेवट कोरा ठेवून पटात उभं नाई राहता येत, लोकं खुर्च्या फेकन. पोराचं वाक्य आणा. महिना संपाच्या आत नाई आलं, तं मी कंपनीले फोन करतो. मंग प्रत्येकाने वाक्य दिलं. बिरजू म्हणे, "बाबा, मी आलो." सुनिल म्हणे, "बाबा, मले माफ करा." वारलूभाऊले "माय, भूक लागली" हे फार आवडलं होतं. मी पण दिले, चांगले खोल अर्थाचे. संध्याकाळी मामासमोर सगळे ठेवले. मामाने प्रत्येकाले मान हलवली. म्हणे, "त्याचं नाई ते." तेव्हापासून जे तोंड बंद आहे ते बंदच आहे. रेडिओ चालू असते, पण बातम्या संपून शेतीचं सुरू झालं तरी मामा कान तसाच लावून बसले राहते.

तं असं आहे. तुह्यावर काही दबाव नाई. तू तुह्या कामात असशीन, हे मी समजू शकते. मामीले फोन करजो, थंडीचं अंगावर घेजो, आणि मी कोणाले आता फीडबॅक देत नाई हे आईले सांगजो, म्हणजे मले घरी येऊ देईन.

तुही बहीण,
रिना

ता.क. एक वाक्य पायजे. तुहं. रागाचं असलं तरी चालन. शिवी असली तरी चालन, फक्त पटाले बायामाणसं असते एवढं ध्यानात ठेवजो. मी त्याच्यावर एकही प्रश्न विचारणार नाई. वाक्य कसंही असो, मस्त आहे असंच म्हणन.

ता.क. पुन्हा. लिहून पाठवलं तं झिंगूभाऊ वाचन आणि सुनिल बोलन, आणि ते पण शेवटी दुसऱ्याच्याच आवाजात येईन. त्यापेक्षा तूच येऊन उभा राह्य ना. सुनिल काम सोडाले तयार आहे. म्हणे, तीन अंक दारामागे उभं राहून पायाले मुंग्या येते. काय बोलाचं ते तुले तिथी दारात उभं राह्यल्यावर सुचन. नाई सुचलं तं नको बोलजो. मामा समोर असन, एवढं मात्र खरं.

ता.क. आखरी. आता खरं सांगून टाकते. मी तुले विचारून नाई राह्यली, सांगून राह्यली. वारलूभाऊने विचारलं का वाक्याचं काय झालं, तं माह्या तोंडून निंगून गेलं का वाक्य येऊन राह्यलं, आणि वाक्यासोबत माणूस पण येऊन राह्यला. त्याइनं लगेच धानोऱ्याले पांप्लेट छापाले टाकलं. आज नमुना आला आणि माह्याआधी मामाच्या हातात पडला. मी मामीच्या मागे जाऊन उभी राह्यली. त्यावर छापलं होतं, पोराच्या भूमिकेत, संघपाल. मामाने चष्मा लावला, वरून खालपर्यंत वाचलं, मंग वापस वरून वाचलं. मंग इतक्या दिवसाइनंतर तोंड उघडलं. नमुना घेऊन आलेल्या पोट्ट्याले म्हणे, "लेखकाचं नाव एवढं मोठं कायले पायजे? ते बारीक कर, आणि पोराचं मोठं कर. लांबून वाचता आलं पायजे."